गिल्बर्टचे बिनचाकी रणगाडे

तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिता येणाऱ्या माणसाने रणगाड्यांच्या वाटेला जाऊ नये, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. तेव्हा ते तसं नव्हतं. ज्या हाताला दाणा जमतो त्याला जगातलं काहीही जमतं, अशी माझी समजूत होती. आमच्या मालाडच्या विमा कचेरीतले मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा मी त्यांचं नाव तांदळावर लिहून त्यांना भेट दिलं. आडनाव लांब असल्यामुळे दोन दाणे लागले. साहेबांनी भिंगातून एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, मग दाणे सरळ धरलेत की उलटे असं हळूच विचारलं. टाळ्या मात्र झाल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत समोरच्या टेबलावरचा गिल्बर्ट होता.

गिल्बर्ट कमी बोलणारा माणूस. मालाडला मार्वे रोडच्या आत जुनं गावठाण आहे, तिथे त्याच्या बापजाद्यांचं कौलारू घर. त्या घराच्या मागे परसू, परसात विहीर आणि फणस. ही माहिती मला त्याच्या समोर कित्येक वर्षं बसून मिळालेली, आणि तीसुद्धा फणस कचेरीत आला म्हणून. तर हा गिल्बर्ट एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. मला वाटलं नाताळचं काही उरलंसुरलं असेल. डब्यात कापूस होता, आणि कापसात काडेपेटीएवढाली शिशाची वाहनं होती. पुढे तोफ, वर घुमट, मागे पंख्यासारखं काहीतरी. चाकं कुठेच नव्हती.

त्याने सांगितलं ते असं. हे रणगाडे आपल्याकडचे नव्हेत, परग्रहावरचे. जमिनीपासून हातभर वर तरंगत जातात. त्याचा मोठा भाऊ लॉरेन्स बोटीवर असतो. त्याने हा खेळ विलायतेहून आणला होता. जेवणाच्या टेबलावर दोघांनी आपापली सेना मांडायची, टेपाने इंच मोजून पुढे सरकायचं, फासे टाकून तोफा डागायच्या. लॉरेन्स रजेवर आला की दोघे भाऊ ही लढाई खेळत. दोन्ही सेना शिशाच्या नुसत्या करड्या रंगात असल्यामुळे कोण कोणाचा यावरून भांडणं होत, ती वेगळी. यंदा लॉरेन्सने आपली सेना तिकडच्या एका रंगाऱ्याकडून लालभडक रंगवून आणली होती आणि नियम दाखवला होता: रंग नसलेली गाडी टेबलावर चालणार नाही.

मी म्हटलं, मग नका खेळू यंदा. त्यावर गिल्बर्टने खरी गोष्ट सांगितली.

लॉरेन्सला मागचं परसू बिल्डरला द्यायचं होतं. गिल्बर्टला द्यायचं नव्हतं. यावरून घरात इतकी वर्षं धुसफूस चालली होती की त्यांची आई, ल्युसीआंटी, कंटाळून गेली. शेवटी ती म्हणाली की तुमचा तो शिशाचा खेळ खेळा आणि एकदा काय ते ठरवा. जो हरेल त्याने परसाचा विषय पुन्हा काढायचा नाही. दोघांनी तिच्यासमोर शब्द दिला. आता सेना रंगवली नाही तर गिल्बर्ट न लढताच हरणार होता.

"माझी बोटं जाड आहेत रे," गिल्बर्ट म्हणाला. "तू दाण्यावर लिहितोस. तुला हे म्हणजे हत्ती."

कलाकाराला इतकं पुरतं. मोबदल्याचं विचारल्यावर मी संकोचाने मान हलवली, पण घरी आल्यावर माझ्या बायकोने, उत्तराने, तो प्रश्न सोडवला. ल्युसीआंटीच्या हातचा बाटलीतला मसाला तिने एकदा चाखला होता. एक बाटली मसाल्याला आख्खी सेना, असा तह झाला. इतिहासात याहून महाग सेना झाल्या असतील, चविष्ट झाली नसेल.

पहिली अडचण रंगाची. रंग कुठला, असं मी गिल्बर्टला विचारलं. तो म्हणाला, त्या ग्रहावरच्या मातीला शोभेल असा. मी विचारलं, तिथली माती कुठल्या रंगाची. त्याने गंभीरपणे विचार केला आणि लॉरेन्सला विचारून सांगतो म्हणाला. मग लॉरेन्स शत्रुपक्षात आहे हे त्याच्या लक्षात आलं. निर्णय माझ्यावर पडला.

चारकोपला आमच्या सेक्टरच्या नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. तिथल्या मालकाला मी वाहनं रंगवायची आहेत एवढंच सांगितलं. तो म्हणाला, वाहन म्हटलं की आधी रेड ऑक्साइड, नाहीतर गंज धरतो. शिसं गंजत नाही हे मला ठाऊक होतं, पण दुकानदार खात्रीने बोलायला लागला की माझी खात्री निघून जाते. मी रेड ऑक्साइड आणलं, घट्ट होतं तसंच लावलं. वाळल्यावर बघतो तर तोफांची तोंडं बुजलेली, घुमटांच्या खिडक्या गायब, आणि एकूण सेना नुकत्याच लिंपलेल्या चुलींसारखी दिसत होती. पुढचा आठवडा मी उत्तराच्या शिवणाच्या सुईने एकेक तोफ कोरत बसलो. उत्तराला ती सुई नंतर चादर शिवायला हवी होती. ती सापडली, पण रात्री चादरीत, आणि तीही मला टोचली तेव्हा.

एव्हाना शेजारी जमू लागले होते. आमच्या सुरंगी सहकारी गृहनिर्माण संस्थेत दार बंद ठेवणं हा शिष्टाचाराचा भंग समजतात. शिवाय टर्पेंटाइनचा वास घरात कोंडत असल्यामुळे दार उघडं ठेवूनच काम करावं लागे. सर्वात आधी आले तळमजल्यावरचे गुणाजी. गिरणीतून निवृत्त, मूळचे मालवणकडचे, आणि कुठल्याही गोष्टीचं मूळ समुद्रात आहे अशा मताचे. त्यांनी एक रणगाडा तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"चाकां नाय, पाय नाय," ते म्हणाले. "मगे चलतत कशी? होडयोच ह्यो."

मी त्यांना परग्रह समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि तिथे पाणी खारं आहे की गोडं एवढंच विचारलं. तिथेच त्यांच्या दृष्टीने चर्चा संपली. होडीला खाली निळा आणि वर पांढरा पट्टा, याशिवाय दुसरा रंग शोभत नाही, असं सांगून ते गेले. वरच्या मजल्यावरच्या प्रेमाताईंना पिस्ता रंग आवडत होता, कारण त्यांच्या माहेरचं कपाट पिस्ता रंगाचं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार यांनी आत न येता उंबऱ्यावरूनच बघितलं आणि काही न बोलता गेले. जो शेजारी सल्ला न देता जातो त्याला भ्यावं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी हिरवा रंग ठरवला. सैन्याला हिरवा असतो, एवढा साधा विचार. पहिला हात बरा बसला. ते दिवस मे महिन्याचे. घरात वाळवण्यापेक्षा गच्चीत लवकर वाळेल म्हणून मी सगळी सेना पाटावर मांडून वर नेली. गच्चीत प्रेमाताईंनी बाजेवर धोतर पसरून उडदाचे पापड घातले होते. सावली नको म्हणून मी पाट त्या बाजेच्या कडेवर ठेवला आणि खाली येऊन चहा घेतला. वारा सुटला. धोतर उचललं गेलं, पाट कलला, आणि परग्रहाच्या सेनेने पापडांवर स्वारी केली.

मी वर पोचलो तेव्हा प्रेमाताई आधीच पोचल्या होत्या. पापडांवर हिरवे ठसे उमटलेले आणि रणगाड्यांना पापड चिकटलेले. काही रणगाडे तर पापड पांघरून झोपल्यासारखे दिसत होते. प्रेमाताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मिटलं असतं. त्यांनी एक हिरवा पापड उचलला, उन्हात धरून बघितला, आणि तो तसाच धरून त्या नंदकुमारांच्या घरी गेल्या.

त्या पापडांची भरपाई म्हणून उत्तराने आणि मी एक रविवार प्रेमाताईंच्या स्वयंपाकघरात पापडाचं पीठ कुटण्यात घालवला. मी लाटलेला पापड बघून प्रेमाताईंनी मला पुन्हा कुटण्यावर बसवलं. तांदळावर अक्षर कोरणारा हात तो. पण तिथे ते सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या स्वयंपाकघरात तांदूळ हा फक्त शिजवायचा पदार्थ होता.

इकडे नंदकुमारांनी नोटीस काढली. ते कुठल्याशा कोर्टात कारकून होते आणि त्यांना साधं पाणी मागायचं असलं तरी ते सदरहू पाणी मागत. निवासी गाळ्यात वाहने रंगविण्याचा उद्योग चालविल्याबद्दल खुलासा करावा, आणि तोपर्यंत सदरहू उद्योग बंद ठेवावा, असा त्याचा मथितार्थ. मी खुलासा करायला गेलो. ते म्हणाले, तोंडी खुलासा हा खुलासा नव्हे. मी लेखी दिला. ते म्हणाले, आता गृहनिर्माण बोर्डाची हरकत नाही असं लिहून आणा. घरं बोर्डाने बांधली आहेत, उद्या आख्ख्या सेक्टरवर गदा आली तर काय.

बोर्डाच्या ऑफिसात मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. ज्या खिडकीवर मला पाठवलं तिथला माणूस आधीच्या खिडकीवर पाठवत होता, म्हणून मी दोन्हींच्या मध्ये उभा राहिलो. शेवटी एका टेबलावरच्या बाबूंनी मला बसायला सांगितलं. वाहनं रंगवायची परवानगी, असं मी म्हटल्यावर त्यांनी पेन उघडलं.

"किती चाकी?"

"चाकं नाहीत."

"पडलीत?"

"मुळातच नाहीत. हवेतून जातात ती."

"मग विमान झालं. विमानाचं इथे होत नाही."

मी खिशातून एक रणगाडा काढून टेबलावर ठेवला. पापडाचा तुकडा अजून त्याच्या घुमटाला होता. बाबूंनी तो नखाने काढला, रणगाडा फायलींवरून थोडा फिरवला, पेपरवेटवर चढवला, पलीकडच्या बाजूने उतरवला. मग शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं. त्यांनीही फिरवला. एकाने तोंडाने आवाज काढला. मला वाटतं त्या ऑफिसात त्या दिवशी झालेलं तेवढंच काम. परत देताना बाबूंनी निकाल सांगितला. ज्याला चाक नाही ते वाहन नाही, आणि जे वाहन नाही ते रंगवायला बोर्डाची हरकत असण्याचं कारण नाही. हे ते लिहून मात्र देणार नव्हते, कारण जे वाहनच नाही त्याबद्दल लिहायचं कसं.

तोंडी परवानगी ही परवानगी नव्हे, असं नंदकुमार म्हणाले. विषय सोसायटीच्या कमिटीपुढे आला. गच्चीच्या जिन्यात खुर्च्या मांडून सभा झाली. प्रेमाताईंनी पुरावा म्हणून ठेवलेला हिरवा पापड सगळ्यांच्या हातातून फिरला. मी कलेविषयी बोलायला उभा राहिलो, पण जिन्याच्या पायरीवर उभं राहून कलेविषयी बोलताना वरच्या पायरीवरच्या माणसाचे गुडघे तोंडासमोर येतात आणि मुद्दा हरवतो. तेवढ्यात गुणाजी उठले. या होड्या आहेत, त्यांनी सांगितलं. आपलं लहानपण होड्यांत गेलं आहे आणि होडी कळायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. नंदकुमारांनी पोटनियमांची चोपडी काढून चाळली. वाहनांबद्दल नियम होते, कुत्र्यांबद्दल होते, मसाला कुटण्याबद्दलसुद्धा एक होता. होड्यांबद्दल एक शब्द नव्हता. सदरहू वस्तू होड्या असल्याचं कमिटीने बहुमताने मान्य केलं आणि सभा चहावर संपली.

आता होड्याच म्हटल्यावर हिरवा ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. शिवाय पापड सोडवताना तो रॉकेलने गेलाच होता. पण या सगळ्या उस्तवारीत दिवस निघून गेले होते. लढाई रविवारी आणि माझ्यासमोर शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा नागडी सेना. गुणाजी स्वतः येऊन शेजारी बसले. खाली गडद निळा, वर पांढरा पट्टा, हे त्यांच्या देखरेखीखाली झालं. पोटाकडूनही रंगवायला त्यांनी लावलं. होडीचं पोट उघडं ठेवणारा माणूस त्यांच्या गावात दुसऱ्यांदा होडीला हात लावू शकत नसे. मलाही ते पटलं. जिथे कुणी बघत नाही तिथेही जो रंगवतो तो खरा कलाकार, असं माझं तेव्हा मत होतं.

"रंगात वायच अळशीचा तेल घाल," ते म्हणाले. "आमच्या होडयेचो रंग समुद्रात उतरणा नाय, ह्यो टेबलार काय उतरतलो?"

तेल घातलं. चकाकी अशी आली की उत्तराने स्वयंपाकघरातून येऊन बघितलं. मग गुणाजींनी नावांचा विषय काढला. नाव नसलेल्या होडीला हाक कशी मारणार, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या गावातल्या होड्यांची नावं ते सांगत गेले आणि मी पांढऱ्या पट्ट्यावर, एका केसाच्या ब्रशने, लिहीत गेलो: रुक्मिणी, वनमाला, सुलक्षणा, अनुपमा. माझी अक्षरं इतकी सुबक यापूर्वी कधी आली नव्हती. उत्तराने भिंगातून सगळी वाचली आणि वनमाला कोण असं विचारलं. गुणाजी तिथे साक्षीला होते म्हणून बरं.

रविवारी सकाळी सेना टोपलीत घालून उत्तरा आणि मी मालाडला गेलो. गिल्बर्टने एकेक रणगाडा हातात घेऊन बघितला. परग्रहावरचे वाटत नाहीत, एवढं त्याने मान्य केलं, पण आमच्या बाजूचे वाटतात, म्हणाला. ल्युसीआंटीने पाहुणे येणार म्हणून टेबलावर आपल्या लग्नातला लेस लावलेला पांढरा टेबलक्लॉथ घातला होता. गिल्बर्ट त्यावर जुनी चादर टाकायला निघाला, तर तिने ती काढून घेतली. पाहुण्यांसमोर चादर चालणार नव्हती. मग पुस्तकांचे डोंगर झाले, उशीची टेकडी झाली, आणि गिल्बर्टने टेबलाच्या एका टोकाला आपली निळी सेना अर्धवर्तुळात मांडली. लॉरेन्स चर्चमध्ये कुणाशी बोलत थांबला होता. तो येईपर्यंत आम्ही केक खाल्ला, सरबत प्यायलो. पंखा गरम हवा फिरवत होता. मांडलेली सेना तशीच उभी होती.

लॉरेन्स आला. दांडगा, हसतमुख, आवाजाने घर भरून टाकणारा. त्याने माझा हात दाबला, निळ्या सेनेवर वाकून नावं वाचली आणि खो खो हसला. "गिल्बर्ट, बायका आणल्यास लढायला?" त्याने आपली लाल सेना मांडली. खरं सांगायचं तर विलायती रंगाऱ्याचं काम चांगलं होतं. पण त्याने नावं लिहिली नव्हती.

पहिली खेळी गिल्बर्टची. त्याने टेप घेतला, सहा इंच मोजले आणि 'रुक्मिणी' उचलली. 'रुक्मिणी' उठली, आणि तिच्याबरोबर टेबलक्लॉथही थोडा उठला. फक्त मी बघितलं, कारण मी त्याच्या कोपरापाशी बसलो होतो. गिल्बर्टने हात तसाच खाली नेला. मग नुसतं तपासल्यासारखं करून 'वनमाला'ला बोट लावलं. ती हलली नाही. 'अनुपमा' हलली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. अळशीचं तेल घातलेला रंग वरून वाळला तरी पोटाकडून दोन दिवसांत वाळत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो काहीतरी बोलेल, सगळ्यांसमोर मला उघडं पाडेल, आणि त्याचं परसू जाईल ते माझ्यामुळे, हे मला स्वच्छ दिसलं.

"मी हलत नाही," गिल्बर्ट म्हणाला आणि टेप खाली ठेवला.

त्या खेळात एक नियम होता. जी गाडी त्या डावात हलली नाही तिचा नेम दुप्पट चांगला धरायचा आणि तिच्यावर आलेला मारा निम्मा धरायचा. हा नियम आडोशाला बसणाऱ्या एखाददुसऱ्या गाडीसाठी असावा. आख्खी सेना ठाण मांडून बसेल अशी नियम लिहिणाऱ्याची कल्पना नसणार. लॉरेन्सने लाल सेना पुढे सरकवली. गिल्बर्टने फासे टाकले. 'सुलक्षणा'ने एक लाल रणगाडा उडवला. पुन्हा गिल्बर्टची पाळी आली.

"मी हलत नाही."

लॉरेन्सला आधी गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. त्याचा स्वभाव पुढे जाण्याचा, आणि समोरचा मागे हटत नाही, पुढे येत नाही, नुसता बसून आहे, हे त्याला सोसेना. त्याने डावीकडून वळसा घातला. उशीच्या टेकडीवरून हल्ला केला. समोरचे काही निळे रणगाडे गारद झालेही, पण पडलेला रणगाडा टेबलावरून उचलायचा असतो. गिल्बर्ट म्हणाला की राहू दे, सांगाडा म्हणून तिथेच असू दे. लॉरेन्सने तेही मानलं. "हल की रे जरा," तो एकदा म्हणाला, आणि ते खेळाबद्दल होतं की कशाबद्दल ते त्यालाही कळलं नसावं. गिल्बर्टने फासे घेतले. शेवटचा लाल रणगाडा 'रुक्मिणी'च्या अगदी तोंडाशी येऊन संपला.

लॉरेन्स टेबलाकडे बघत राहिला, मग त्याने हात पुढे केला आणि गिल्बर्टने तो घेतला. ल्युसीआंटी स्वयंपाकघरातून आली. ताटं मांडायची होती. आता आवरा, असं म्हणून तिने पुस्तकं आणि उशी बाजूला केली आणि सेना आपोआप घरंगळेल या समजुतीने टेबलक्लॉथचं टोक धरून उचललं.

क्लॉथ उठला आणि सेनाही त्याच्याबरोबर उठली. हवेत लटकत असलेले ते निळे रणगाडे त्या दिवशी पहिल्यांदाच परग्रहावरचे दिसले.

लॉरेन्सने वाकून खालून बघितलं. वरून बघितलं. मग नियमांचं पुस्तक उचललं आणि पानं उलटू लागला. चिकटण्याबद्दल नियम नव्हता. रंग ओला असेल तर ती गाडी रंगवलेली धरायची का, याबद्दलही नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, पण ल्युसीआंटीचा आवाज आधी आला. खेळाचं, परसाचं, कुणाचंच तिला काही पडलं नव्हतं.

"माझ्या लग्नातला आहे तो," ती म्हणाली. "तुमच्या बापाने वसईहून आणलेला. जेवण नंतर. आधी हा साफ करा. तिघेही."

आम्ही तिघे मागच्या परसात गेलो. फणसाखाली गोणपाट अंथरलं, बाटलीभर टर्पेंटाइन आणि चिंध्या घेतल्या आणि टेबलक्लॉथची तीन टोकं धरून बसलो. एकेक रणगाडा सोडवायचा, मग डाग घासायचा. रणगाडे सोडवताना त्यांचाही रंग जात होता. 'अनुपमा'चा 'अ' गेला, मग 'नु' गेला. मी बघत नव्हतो असं दाखवत होतो. लॉरेन्स जोर लावून घासत होता. गिल्बर्टने त्याला सांगितलं की असं गोल गोल घास, भोक पडेल. लॉरेन्स गोल गोल घासू लागला. विहिरीकडून थंड वारा येत होता आणि तिथे आतल्यासारखं उकडत नव्हतं.

निळा डाग फिका होत होत आभाळी झाला. त्यापुढे जाईना. लॉरेन्सने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि परसाच्या कुंपणाकडे बघितलं. कुंपणाचं लोखंडी फाटक बिजागरीपाशी गंजलेलं होतं.

"गिल्बर्ट," तो म्हणाला, "त्या फाटकाला रंग द्यायला झालाय. मी जायच्या आत देऊन टाकू."

गिल्बर्टने फाटकाकडे बघितलं, मग भावाकडे. "देऊ," तो म्हणाला.

मी चिंधी खाली ठेवली. फाटकाला आधी रेड ऑक्साइड लागेल, त्यानंतर कुठला रंग शोभेल, आणि एखाददुसऱ्या रविवारी मला सहज जमण्यासारखं आहे, असं मी सांगायला लागलो.

दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "तू नको."